शेवट न पाहणाऱ्या महानंदाकाकू

महानंदाकाकूंनी मला सावरलं, हे आधी लिहिते. बारावीची परीक्षा न देताच शिक्षण सुटलेली मी. लिहायची सवय नाही, मधेच रडू आलं तर हेच सांगायचं राहून जाईल...

दीड महिन्यापूर्वी जेवणाच्या सुट्टीत पप्पांचा फोन आला. मी तिरुपूरला बनियनच्या कारखान्यात शिलाईवर आहे. तीन वर्षांत पप्पांनी स्वतःहून फोन केला नव्हता. मम्मी लावायची, ते शेजारी खोकायचे, तेवढंच. त्यामुळे स्क्रीनवर नाव पाहून मी डबा तसाच टाकून बाहेर आले. "काकू गेल्या, परवा, झोपेतच," असं ते म्हणाले. मागे एसटी स्टँडचा गलका ऐकू येत होता.

लातूरला क्लासच्या गल्लीत काकूंची मुलींची मेस होती. रविवारी संध्याकाळी मेस बंद. पण गावी न गेलेल्या आम्हा पोरींना त्या आपल्या खोलीत बोलवायच्या, चुरमुऱ्याचा सुशीला करायच्या आणि टीव्हीवर पिच्चर लावायच्या. त्यांचे यजमान, ज्यांना त्या मालक म्हणायच्या, टॉकीजमध्ये पिच्चरचं मशीन चालवायचे. काकू डबा घेऊन जायच्या, केबिनच्या झरोक्यातून पिच्चर बघायच्या, आणि शेवटच्या रिळाच्या आधी निघायच्या, कारण घरी भाकरी थापायच्या असायच्या. मालक गेले, टॉकीज पडली, पण सवय राहिली. शेवट जवळ आला की काकू उठून कणीक मळायला घ्यायच्या. त्यांनी एकाही पिच्चरचा शेवट पाहिला नव्हता.

आम्ही बघायचो ते पिच्चर बहुतेक एकाच साच्यातले. मोठ्या घरातला कडक बाप, चष्मेवाली पहिली येणारी पोरगी, आणि अभ्यासात मन नसलेली दुसरी, जी चोरून नाचते. शेवटी भरल्या हॉलमध्ये बाप उठून टाळ्या वाजवतो. पोरी रडायच्या. मीही रडायचे, पण वेगळ्या कारणानं. माझे पप्पा लातूर–नांदेड गाडीवर कंडक्टर. आम्ही मुरुडचे. पप्पा कधी ओरडले नाहीत. मी बारावीला गेल्यापासून ते तिकीट फाडता फाडता अख्ख्या गाडीला सांगायचे, पोरगी डॉक्टर होणार. स्टँडवर भेटायला गेले की रोजचे पासवाले खिडकीतून हाक मारायचे, "काय डॉक्टरीणबाई!" पप्पा लाजून हसायचे. त्या हसण्यानं माझी झोप उडाली होती.

दिवाळीनंतर मी क्लासला जाणं सोडलं. दप्तर घेऊन निघायचे आणि मागच्या दारानं मेसमध्ये येऊन पोळ्या लाटायचे. काकूंनी चार दिवस काही विचारलं नाही. पाचव्या दिवशी मीच म्हणाले, "मला काहीच येत नाही काकू. नाच नाही, गाणं नाही."

"न्हाई तर न्हाई. अभ्यास सोडायला नाच कशाला यावा लागतो?" त्या म्हणाल्या. मग लाटणं माझ्या हातातून काढून घेतलं. "पिच्चरातल्या बापावर रागवता तरी येतं. तुझ्या बापावर ते बी जमंना, ही खरी अडचण हाय."

दुसऱ्या दिवशी त्या पप्पांच्या गाडीत बसल्या. मी घाबरून विचारलं होतं, गाडीतच का? तर म्हणाल्या, चालू गाडीतून कंडक्टर कुठं पळतोय. अहमदपूरच्या पुढं त्यांनी सगळं सांगून टाकलं. पप्पा रागावले नाहीत. तिकिटाची पिशवी मांडीवर घेऊन नांदेड येईपर्यंत मागच्या रिकाम्या सीटवर बसून राहिले. पुढं काकूंनीच मला इकडं तिरुपूरला, आपल्या भाचीकडं पाठवलं. निघताना पप्पा स्टँडवर आले होते. खिडकीतून नुसती पाण्याची बाटली दिली...

इथं आल्यावर काकू दर आठवड्याला फोन करायच्या. काय जेवलीस, खोलीत कोण हाय, या महिन्यात कोणत्या रंगाचं कापड शिवलं, तिकडची भाषा किती आली. मला कधी कधी कंटाळा यायचा. एकदा तर मी म्हणाले, रंग ऐकून काय करणार आहात काकू? त्या हसल्या, "लागतंय मला."

त्या दिवशी फोनवर गलका जरा कमी झाला तेव्हा पप्पा बोलले. "महिन्यातून एकदा बसायच्या माझ्या गाडीत. नांदेडला काम काहीच न्हाई, गेल्या पावली परत. म्हणायच्या, बायकांना अर्धं तिकीट झालंय, न्हाईतर तुमची पोरगी लई महागात पडली असती." मग म्हणाले, "मागल्या बारीला काकू सांगत होत्या, निळं कापड चालू हाय म्हणं. आता कोणतं हाय?"

सुट्टी संपल्याची घंटा झाली, असं खोटंच सांगून मी फोन ठेवला.

परवा रविवारी इथल्या मुलींनी मोबाईलवर पिच्चर लावला. शेवटाला बाप खुर्चीतून उठायला लागला, तशी मी उठले आणि नकळत कणकेचा डबा उघडला. हात पिठात तसाच राहिला.

काकू, मला सुट्टी मिळाली की मी लातूरहून पप्पांच्या गाडीत बसेन. अर्धं तिकीट काढून, तुमच्यासारखीच नांदेडपर्यंत. कापड पिवळं आहे, हे माझ्या तोंडानं सांगेन. तुम्ही महिन्यामागून महिने माझ्यासाठी केलेल्या फेऱ्या आता मी करेन. आणि यावेळी शेवट येईपर्यंत उठणार नाही.