शिस्त आणि ठिपका

बायको, शालन, गेली आणि माझी पोस्टिंग साता समुद्रापार चँडलरला, मुलाच्या, महेशच्या घरी झाली. बदलीच म्हणतो मी. कुणी विचारलं नाही, तिकीट आलं. वाळवंट मला नवं नाही, पण फौजेत सोबत पलटण होती. इथं दुपारी रस्त्यावर माणूस दिसत नाही.

गॅस स्टेशनवर, म्हणजे इथल्या पेट्रोल पंपावर, सुनेच्या कानाला एकानं पिस्तूल लावलं आणि पर्स नेली. त्यानंतर महेशनं ठरवलं, आपणही कमरेला पिस्तूल बाळगायचं. लायसनबिसन सगळं केलं. साइट, म्हणजे नेम धरायची खूण, कोणती बसवायची, एवढंच राहिलं होतं.

"बाबा, लेझर की नाईट साइट?"

शालन गेल्यापासून पोरानं मला विचारलेला पहिला प्रश्न. तोही हा.

नाईट साइटला तीन ठिपके असतात, पुढं एक, मागं दोन. अंधारात आपोआप चमकतात, पण एका रेषेत आपल्याला आणावे लागतात. लेझरला ती कटकट नाही. बटण दाबलं की ठिपका थेट समोरच्यावर. मी म्हणालो, नाईट साइट घे. का, ते सांगतो.

मी हवालदार होतो, सातवी पास. कंपनी काश्मीर खोऱ्यात होती. लान्स नाईक शंकर पवार माझ्या सेक्शनचा, आमच्याच तालुक्यातला. नेम असा की ट्रेनिंगचे उस्ताद त्याच्यावर पैज लावायचे. मग आम्हाला थोडे लेझर आले, एक त्याला मिळाला. महिनाभरात त्यानं साइटवर डोळा न्यायचं सोडलं. म्हणायचा, "हवालदारसाहेब, आता बंदूकच बघते, मी कशाला बघू?"

एका गावाला कॉर्डन लागला, चारी बाजूंनी वेढा. दिवस लख्ख. एका घरात मी आणि शंकर शिरलो, तो पुढं. खोल्या काळोख्या. त्याचा लाल ठिपका भिंतीवरून फिरत होता, मलाही बरं वाटत होतं. घर रिकामं निघालं. मागचं दार लाथेनं उघडून तो अंगणात उतरला. पांढरं ऊन. लाकडांच्या ढिगामागून एकजण उठला. शंकरची रायफल वर होती, पण डोळा साइटवर नव्हता. तो अंगणाच्या भिंतीवर ठिपका शोधत होता. उन्हात ठिपका दिसत नाही. मी दारात, तो बरोबर माझ्या पुढं, मला फायर करता येईना. तो पडला, मग मी केला.

वायरलेस सेटवर बोललो, "एक दुश्मन ढेर. एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"कॅज्युअल्टी की हालत? ओव्हर."

"हालत नहीं है साब. ओव्हर."

महेशनं ऐकून घेतलं. म्हणाला, "बाबा, तो लाल होता. आता हिरवा येतो. उन्हात पण दिसतो."

शनिवारी गावाबाहेरच्या गोळीबाराच्या उघड्या रेंजवर गेलो. भाड्याचं पिस्तूल, त्याला हिरवा लेझर. भर दुपार. महेशनं हात वर केला आणि मान हलवायला लागला. इकडं, तिकडं.

"सापडला, बाबा."

"सापडेपर्यंत समोरचा काय चहा पितोय? शिस्त घे आधी."

त्यानं पिस्तूल खाली ठेवलं. "इथं पण शिस्त? सुट्टीवर यायचात तेव्हा पण हेच. चप्पल वाकडी, शिस्त. जेवताना हसलो, शिस्त. यार, मी पन्नाशीला आलो."

"अरे, फौजेत नेमाला शिस्त म्हणतात. शिस्त घे म्हणजे नेम धर."

"मग नेम म्हणा ना."

पंचवीस वर्षं जो शब्द रोज तोंडात होता तो कुठून बदलणार? शालनला दोन्ही शिस्ती ठाऊक होत्या. माझं बोलणं ती त्याला सोपं करून सांगायची आणि त्याचं मला. आता मधे कुणी नाही.

त्यानं लेझरच घेतला. नाईट साइट मी म्हणालो, म्हणून नाही घेतली. रोज सकाळी कमरेला लावून बाहेर पडतो, आणि इथलं ऊन सकाळपासूनच पांढरं असतं.

शंकरला घरी पोचवायला मी गेलो होतो. सव्वीस वर्षांचा होता. त्याच्या आईनं एकच विचारलं, शेवटी माझं लेकरू कुणाकडं बघत होतं? मी म्हणालो, दुश्मनाकडं, माई, डोळ्याला डोळा भिडवून. ती मान हलवत राहिली. शंकर भिंतीकडं बघत होता.