मे महिन्यात पाहिलेले तळे

बर्फवाल्या अक्का आयुष्यभर रागावलेल्या का राहिल्या, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख लिहायला घेतला. प्रश्न माझा नाही. त्यांच्या शोकसभेत आमच्या बेंगळुरूच्या मराठी मंडळातले एक गृहस्थ म्हणाले, "बाई विदुषी होत्या, पण फार तापट." सभेतल्या बऱ्याच माना डोलल्या. माझी हलली नाही. मी सारी नोकरी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली आहे. कारण तपासल्यावाचून निष्कर्ष मान्य करायची मला सवय नाही.

अक्कांचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत स्थायिक झालेले. घरात मराठी, पण तिच्यात कन्नड मिसळलेली: वरणाला 'स्वल्प' मीठ लागे आणि वाद संपला की 'सरी' म्हणून ताटावरून उठायचे. अक्का परिसंस्थांच्या अभ्यासक होत्या आणि त्यांचा विषय होता सायबेरियातल्या उत्तरेकडच्या दलदली. नव्वदच्या दशकात त्या दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मेतकुटाच्या पुड्या बांधून तिकडे जात आणि पावसाळा सरता सरता परत येत. 'बर्फवाल्या' हे नाव के. आर. पुरममधल्या आमच्या वस्तीतल्या मुलांनी ठेवले. त्यावरही त्यांचा राग होता. "मी जाते तेव्हा तिथं बर्फ वितळलेला असतो. डास असतात, ढगांसारखे. नाव ठेवायचंच तर डासवाली ठेवा. निदान खरं तरी ठरेल!"

बेंगळुरूत राहून सायबेरियाचा अभ्यास कशाला, असे विचारणाऱ्याला त्या उत्तर देत नसत. त्याला घेऊन वस्तीमागच्या तळ्यावर जात. माझ्या वर्गाच्या सहलीतही हेच झाले. हिवाळ्याचे दिवस होते. पाण्यावर लांब टोकदार शेपटीची तलवार बदके होती, फावड्यासारख्या चोचीची थापट्या बदके होती. अक्का मुलांना म्हणाल्या, "ही अंड्यातून बाहेर पडतात तिथं मी उन्हाळ्यात असते. हिवाळ्यात ती माझ्या घरामागं असतात. यातला कुठला अर्धा भाग मी शिकू नको, ते सांगा." एक मुलगी म्हणाली, "अक्का, म्हणजे तुम्ही त्यांच्याबरोबर जाता-येता?" त्या दिवशी मी अक्कांना हसताना पाहिले. "हो गं. फक्त मला व्हिसा लागतो."

'शाश्वत विकास' हे शब्द तेव्हा नुकतेच सर्वांच्या तोंडी आले होते आणि अक्कांपुढे ते उच्चारणे धोक्याचे होते. तिकडच्या रेनडिअर पाळणाऱ्यांबद्दल त्या सांगत. "आपल्या गोड्या मसाल्यात दगडफूल असतं ना? त्याच्याच जातकुळीतलं काहीतरी तिथं जमिनीवर वाढतं, अगदी सावकाश. तेच जनावरांचं हिवाळ्यातलं खाणं. एकदा ओरबाडलं, की पुन्हा वाढेपर्यंत माणसाची उमर निघून जाते. म्हणून ते लोक कुरण संपायच्या आत कळप हलवतात. त्यांना तुमचा शाश्वत शब्द ठाऊक नाही. ते वेळेवर थांबतात, एवढंच. आपल्याला शब्द येतो, थांबता येत नाही." व्याख्यानाला बोलावणारे लोक दुसऱ्यांदा बोलावत नसत, याचे कारण इथे असावे.

आता मुख्य घटनेकडे येते. आमच्या वस्तीमागचे तळे बुजवून तिथे घरांचे प्लॉट पाडायचे ठरत होते. विरोध झाला, तेव्हा पाहणीसाठी एक समिती नेमली गेली. समितीचे प्रमुख इंदिरानगरला राहणारे निवृत्त अभियंते होते. तेही आमच्या मंडळातलेच. सगळे त्यांना अण्णा म्हणत. ही नेमणूक ऐकून आम्हांला हायसे वाटले, कारण अण्णा सचोटीचे होते. पाहणी मे महिन्यात ठेवली गेली. अक्का त्याआधीच सायबेरियाला पोहोचल्या होत्या. जिथे टेलिफोनही नाही अशा दलदलीच्या काठी, तंबूत.

त्या सकाळी मी तळ्यावर गेले. पाणी मधोमध आकसून डबक्याएवढे राहिले होते. भेगाळलेल्या गाळावर मुलांचे क्रिकेट चालले होते. अण्णांनी दुर्बिणीने चारही बाजू काळजीपूर्वक पाहिल्या. मी पुढे होऊन म्हणाले, "अण्णा, हिवाळ्यात पुन्हा या. पक्षी आत्ता उत्तरेला गेलेत." त्यांच्याबरोबरचा एक अधिकारी हसून म्हणाला, "टीचर, भूगोल वर्गात शिकवा." अण्णा हसले नाहीत. ते मृदूपणे म्हणाले, "बाई, जे डोळ्यांना दिसत नाही ते मी कसं लिहू? खोटं लिहायची मला सवय नाही." आणि त्यांनी तसेच लिहिले: पाणी नगण्य, पक्षी नाहीत, जमीन ओसाड. त्यातला एकही शब्द त्या सकाळपुरता खोटा नव्हता. म्हणूनच तो अहवाल आजही मला अधिक चीड आणतो.

अक्का परतल्या तेव्हा लाल मातीच्या लॉऱ्यांवर लॉऱ्या तळ्यात रिकाम्या होत होत्या. काठावर फलक होता: 'तलावदृश्य, पर्यावरणपूरक वसाहत'. त्यांनी घरी सामानही टाकले नाही. बॅग रिक्षातच ठेवून, मला बरोबर घेऊन त्या थेट इंदिरानगरला गेल्या.

अण्णा दारातच म्हणाले, "या अक्का. कॉफी घेणार?"

"अण्णा, मे महिन्यात तुम्ही शाळा पाहायला गेलात आणि वर्गात मुलं नाहीत म्हणून ती पाडायला सांगितलीत, तर लोक तुम्हांला काय म्हणतील?"

"मी पाहिलं तेच लिहिलं."

"कुणी नाही म्हटलं? पण कधी पाहिलं, ते स्वतःला विचारलं होतंत?"

"तारीख मी ठरवली नव्हती."

"ज्यांनी ठरवली त्यांना पक्ष्यांचं वेळापत्रक तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं," अक्का म्हणाल्या. "आणि माझंही."

अण्णा उंबऱ्यातच उभे राहिले. कॉफी कुणी मागितली नाही.

नोव्हेंबरात बदके आली. अक्का आणि मी कुंपणाशी उभ्या होतो. थवा खाली उतरत आला, सपाट लाल मातीवर एक घिरटी, मग दुसरी. पुन्हा वर उठून तो पूर्वेकडे निघून गेला. "हजारो मैल बरोबर वाट काढत आली," अक्का म्हणाल्या, "आणि आपण पत्ता पुसून ठेवला." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांच्या रागाची भीती वाटली.

पुढच्या उन्हाळ्यात त्या उत्तरेला गेल्या नाहीत. त्यानंतरच्याही नाहीत. मी समजावून पाहिले, "अक्का, इतक्या वर्षांचं काम अर्धवट राहील." त्या म्हणाल्या, "राहील. तिथं माझ्यावाचून काही अडत नाही. इथं मे महिन्यात कुणीतरी गावात असायला हवं." मग जिथे तळ्याची पाहणी असेल तिथे, बोलावलेले नसताना, त्या भर उन्हात जाऊन उभ्या राहू लागल्या. होसूर रस्त्यावर बोम्मसंद्र्याच्या पुढे एका तळ्यापाशी त्यांनी भांडून पाहणी जानेवारीवर ढकलायला लावली. ते तळे राहिले. इतर ठिकाणी त्यांना बाजूला व्हायला सांगण्यात आले, कधी नमस्कार करून, कधी दंडाला धरून.

सायबेरियातल्या दलदलीचे जे ज्ञान त्यांनी मिळवले होते, ते पुढे नेणारे दुसरे कुणी आपल्याकडे नव्हते. ते ज्ञान आपण कशासाठी खर्ची घातले? बदके हिवाळ्यात येतात, हे मोठ्या माणसांना पुन्हा पुन्हा सांगण्यासाठी. माझ्या वर्गातल्या मुलांना जे एका सहलीत समजले होते, ते. ज्यांनी त्यांचे उन्हाळे हिरावून घेतले, त्यांचा स्वभाव कसा होता, हे मात्र कोणत्याही सभेत कुणी विचारत नाही.

मी भूगोलाची शिक्षिका आहे. माझ्या सांगण्यावर विसंबू नका. तुमच्या घराजवळ तळे उरले असेल तर मे महिन्यात तिथे जा आणि काय दिसते ते पाहा. मग जानेवारीत, सकाळी, त्याच जागी पुन्हा जा. माझे काही चुकले असेल तर ते तुम्हांला तिथेच कळेल.