वाकळीची गाठ आणि जळकी मोटर

मागच्या हंगामात सोयाबीनच्या राशी, म्हणजे मळणी, झाल्यानंतरची गोष्ट. संतपूरला बायकांच्या संघाची मीटिंग होती आणि मी तिथे स्वतःला फार हुशार समजून गेलो होतो...

मी औरादजवळच्या एका लहानशा पतसंस्थेत काम करतो. मोठ्या बँका ज्यांना दारातूनच वाटेला लावतात, त्यांना आम्ही धंद्यासाठी कर्ज देतो. अट एकच, गावातल्या संघाने आधी शिफारस करायची. मला ती अट नुसती औपचारिकता वाटायची. खरी तपासणी माझी, असा माझा गोड गैरसमज!

त्या दिवशी अर्ज होता सुजाताताईंचा. त्यांचे मिस्टर मिलिंद, स्टँडजवळ मोटर दुरुस्तीचं दुकान चालवायचे. विहिरीवरची मोटर जळाली की ती 'भरायला', म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळायला, पाच-सात गावांतून लोक त्यांच्याकडे यायचे. पावसाळ्यात ते अचानक गेले... तेव्हापासून शटर खाली.

जागामालकाने महिनाअखेरची मुदत दिली होती. तोवर दुकान सुरू झालं नाही, तर ताई दोन्ही मुलींना घेऊन हैदराबादला बांधकामावर जाणार होत्या. मुलींची शाळा सुटणार, हे त्यांनी सांगितलं नाही, पण ते सांगायला कशाला हवं...

मी फॉर्म भरत भरत 'अनुभव' या रकान्यापाशी आलो. "हे काम तुम्हाला येतं का?" असं विचारलं.

"न्हाई सर," ताई खाली बघत म्हणाल्या. "काम त्यांचं होतं. मी नुसती चहा न्यायची. आता माणूस ठिवते की कामाला."

मी रकान्यात 'नाही' लिहिलं आणि मनातल्या मनात अर्ज नामंजूरही करून टाकला. वाईट वाटलं. पण 'भावनेवर कर्ज देता येत नाही' हे वाक्य मी ट्रेनिंगमध्ये शिकलोय, आणि खरं सांगायचं तर ते म्हणताना आपण फार मोठे झाल्यासारखं वाटतं...

"सर, काय लिवायलाव? जरा थांबा." संघाच्या अध्यक्ष शरणम्मा अक्का उठल्या. साठी उलटलेली, कपाळावर विभूती, घरात कन्नड आणि ओसरीवर मराठी. मीटिंग त्यांच्याच ओसरीवर होती. कोपऱ्यात पोत्याखाली त्यांच्या शेतातली, मागे मिलिंद यांच्याच दुकानात भरून घेतलेली एक जळकी मोटर पडली होती, झाकण आधीच उघडलेलं. संघातल्या दोघींनी ती ओढत माझ्यासमोर आणली.

आत तांब्याचे वेढे काळे पडले होते. ते दोऱ्याने घट्ट बांधलेले होते. दोरा करपला होता, पण बांधणी शाबूत होती.

"दोऱ्याची गाठ दिसायली का?" अक्कांनी विचारलं. मी वाकून वाकून पाहिलं... दिसेना.

"दिसणारच न्हाई. गाठ आत दडवल्याली हाय. लेकराला टोचू नये म्हणून वाकळ, तुमची गोधडी, शिवताना आमी अशी गाठ घालताव. गडी माणसाला कुठली येतीय ही! माझ्या नातवाची वाकळ ह्या सुजातानंच शिवली. ती गाठ अन् ही गाठ एकच हाय."

सुजाताताईंचा चेहरा पांढरा पडला. "अक्का, कामून बोलायलाव हे? बाईनं भरल्याली म्हणल्यावर मोटर कोण देईल? अन् त्यांचं नाव..."

"मिलिंदचं नाव कुठं जायलंय? विहिरीत उतरायचं, मोटर काढायची, बसवायची, ते त्याचं काम. भरायचं तुझं. दोन्ही खरं हाय." मग अक्का बायकांकडे वळल्या. "कुणाकुणाच्या शेतात मोटर हाय?"

अकरा हात वर गेले.

"अन् हीच भरती, हे कुणाकुणाला ठावं होतं?"

एकही हात खाली आला नाही...

इतकी वर्षं अकराजणींना माहीत होतं, आणि घरच्या पुरुषांपर्यंत शब्द गेला नव्हता. का, तर दुकान चालायला हवं म्हणून. "हिच्या पदराला तांब्याचे तुकडे अडकल्याले असायचे सर," एक जण हसून म्हणाली. "चहाला कुठं तांबं लागतंय!"

"पुढची मोटर हिच्याकडंच," अक्का म्हणाल्या. "घरच्या गडी माणसांना कसं सांगायचं, ते आमी बघताव."

म्हणजे शिफारस करणाऱ्याही त्याच आणि गिऱ्हाईकं आणणाऱ्याही त्याच. मी आयुष्यात असली तपासणी पाहिली नव्हती.

सुजाताताईंनी डोळे पुसले. "सर, तो कागद द्या इकडं." माझं 'नाही' खोडलं आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं... तेरा वर्षे.

परवा त्या रस्त्याने जाताना मुद्दाम दुकानाशी थांबलो. शटर वर. बाहेर मोटरी ओळीने मांडलेल्या. एक आजोबा जळण्याआधी मोटरीचा आवाज कसा येत होता ते डॉक्टरांना सांगावं तसं ताईंना समजावून सांगत होते, आणि ताई तार ओढता ओढता मान हलवत होत्या.

बाकावर शरणम्मा अक्का. मला बघून म्हणाल्या, "आमचा नंबर चौथा हाय सर. अध्यक्ष असलात तरी मधी घेणार न्हाई म्हणायली ही!" तक्रार करतानाही चेहऱ्यावर कौतुक मावत नव्हतं.

मी तिथेच वाकून अक्कांच्या पाया पडलो. आपल्याकडे इतकं बारकाईने बघणारं आणि वेळ येईपर्यंत गप्प राहणारं कुणीतरी गावात असणं... याच्याहून मोठं तारण मी तरी अजून पाहिलेलं नाही.