न दुखणारी गाठ

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास कॅन्सरपायी माझ्या बायकोची एक छाती कापली. बरी झाल्यावर ती भुईगावात घरोघर जाऊन बायकांना छाती तपासायला सांगायची.

एकदा शेजारची सून आली. तिला गाठ लागली होती, पण दुखत नाही म्हणून ती गप्प बसलेली. बायकोनं तिला आत नेऊन दार लावलं, मी बाहेर दाराशी उभा राहिलो. तेवढ्यात तिचा नवरा आला.

"काका, बाजूला व्हा. काकी माझ्या बायकोला उगीच घाबरवतात."

"घाबरू दे," म्हटलं, आणि दारातून हललो नाही.

आतून बायको म्हणाली, "इथं, कापलंय तिथं हात लाव. माझी गाठ पण दुखत नव्हती."

त्यानं मला ढकलायला हात उचलला, तोच सून बाहेर आली. "उद्या मला इस्पितळात न्या," ती त्याला म्हणाली.

परवा माझ्या बायकोच्या मयताला ती आली होती. केस सगळे पिकलेत तिचे.