मागचा डावा पाय

आमच्या खुर्च्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे डुगडुगकाका म्हणत. समोर आलेली खुर्ची ते जमिनीवर रंगवलेल्या चार पांढऱ्या खुणांवर ठेवत, पाठ धरून हलवत, आणि डुगडुगली की नडणाऱ्या पायावर रंधा मारत. सव्वीस वर्षं हेच. मी शेजारच्या पॉलिश खात्यातला. दुपारी त्यांच्यासमोर डबा उघडणारा मी एकटाच. दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या आणि माणूस पार मिटला. मूलबाळ नाही. बोलायचे ते खुर्च्यांबद्दलच. "माझ्या हातून गेलेली खुर्ची डुगडुगणार नाही," हे ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

मग लेझरचं मोजयंत्र आलं. खुर्ची त्याच्या पाटावर ठेवली की लाल रेघ तिच्यावरून फिरते आणि केसाएवढा फरकही पडद्यावर दिसतो. चांगली खुर्ची म्हणजे काय, हे यंत्राला शिकवायला इंजिनियर बाईंनी काकांनी पास केलेल्या चाळीस खुर्च्या मागवल्या. काका त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले.

चाळीसच्या चाळीस नापास. प्रत्येकीचा मागचा डावा पाय दोन मिलिमीटर आखूड.

"तुमचं मशीनच बिघडलंय," काका म्हणाले.

बाईंनी वाद घातला नाही. जमिनीची सपाटी तपासायची पाणसळ घेऊन त्या काकांच्या खुणांपाशी उकिडव्या बसल्या. नळीतला बुडबुडा एका बाजूला पळाला. मागच्या डाव्या खुणेची फरशी कधीतरी वर उचलली गेली होती, आणि त्या उंचवट्यापायी काका चांगला पाय तासत राहिले होते.

"पण कुणाची तक्रार कशी आली नाही?" मी विचारलं.

"एवढ्याशासाठी कोण तक्रार करतंय? लोक पायाखाली कागदाची घडी सरकवतात आणि मोकळे होतात," बाई म्हणाल्या.

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. मॅनेजर "चालायचंच" म्हणत त्यांची पाठ थोपटून गेला. मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. काकांनी बाईंकडून पाणसळ मागून घेतली आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही. सांगत बसले.

त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांनीच पास केलेली एक खुर्ची आहे, बारा वर्षांपूर्वी आणलेली. पहिल्याच दिवशी काकूंनी तिच्या मागच्या डाव्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली. "ही कशाला?" काकांनी विचारलं होतं. "अहो, आपली फरशीच उंचसखल आहे. तुमच्या खुर्चीला काय धाड भरलीय?" पुठ्ठा चेपला की काकू नवी घडी घालायच्या. काका घर बांधणाऱ्याचा उद्धार करायचे आणि काकू खालमानेनं हसायच्या.

"काल सगळ्या फरशीवर पाणसळ फिरवली," काका म्हणाले. "बुडबुडा जागचा हलला नाही. फरशी सरळ आहे रे. तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला कळू दिलं नाही." आणि सगळ्यांच्या देखत ते ढसाढसा रडले.

"मग खुर्ची नीट केलीत?" मी विचारलं.

"बाकीचे तीन पाय तासायला रंधा नेला होता. पिशवीतून काढलाच नाही."

"निदान घडी तरी नवी घालायची."

"ती पार चपटी झालीय. वर्षभर खुर्ची डुगडुगतेय." काकांनी डोळे पुसले. "पण ती घडी तिच्या हातची शेवटची आहे."