सोनाजीचा आवाज आणि पुसेगावच्या भोरड्या

पुसेगावच्या शिवारात सोनाजीइतका घट्ट दोर कोणी वळत नसे आणि सोनाजीइतके वाईट कोणी गात नसे. पहिली गोष्ट त्याला ठाऊक होती. दुसरी त्याच्याखेरीज साऱ्या गावाला.

साल १९३८, पौष महिना. ख्रिस्ती वस्तीच्या टोकाला पत्र्याचे लहानसे प्रार्थनाघर होते. तिथले उपदेशक संतराम मास्तर यांनी एका रविवारी कृपादानांवर प्रवचन केले. पवित्र आत्मा प्रत्येक विश्वासणाऱ्याला काही ना काही दान देतो, ते पेटीत ठेवण्यासाठी नसते, दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यासाठी असते, असे सांगून त्यांनी शेवटी फर्मावले, "कापणीच्या सणाला धान्याच्या पेंढीबरोबर आपापलं दानही समोर आणा. ज्याचं त्यानं उभं राहून सांगायचं."

सोनाजी हरखून गेला. त्याला विचार करण्याची गरजच नव्हती. पहिल्या ओळीत बसून तो वर्षानुवर्षे भजने म्हणत आला होता, आणि त्याने तोंड उघडले की बाकीचे आपोआप गप्प होत. ते आदराने गप्प होतात, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

"मी गाण्याचं दान मांडणार," घरी येताच त्याने बायकोला जाहीर केले.

पारुबाईचा भाकरीवरचा हात थांबला. "अवो, तुमी गायला लागले की म्हैस पान्हा चोरते. ठाव न्हाई का तुमाला?"

"म्हशीला काय कळतंय गाण्यातलं?"

"म्हशीलाच कळतंय. मानसं भिडेखातर बसून राहतेत."

सोनाजी तसाच उठला आणि मास्तरांच्या दारात उभा राहिला. "मास्तर, खरं सांगा. माझा आवाज कसा हाय?"

संतराम मास्तर खोटे बोलत नसत. त्यामुळे त्यांची पंचाईत झाली. त्यांनी आढ्याकडे पाहिले. "सोनाजी, तुझा आवाज... मोठा आहे."

"अन् गोड?"

"मोठा आहे," मास्तर म्हणाले.

सोनाजी घराकडे परत फिरला. गाणे गेले, तर उरले काय? सणाच्या दिवशी सारी मंडळी एकेक करून उभी राहणार, आणि आपण तेवढे रिकाम्या हाताने बसून राहणार! आत्मा वाटप करीत होता, तेव्हा आपण नेमके कुठे दोर वळत बसलो होतो?

पण हातपाय गाळणाऱ्यांतला तो नव्हता. आजाऱ्याला बरे करण्याचेही दान असते, हे त्याला आठवले. गावाबाहेरच्या लमाणांच्या तांड्यावरचा थावरा तापाने फणफणला होता. सोनाजीने त्याच्या बाजेशेजारी उभे राहून, डोळे मिटून, छाती भरून प्रार्थना केली. डोळे उघडले तेव्हा बाज रिकामी होती. थावरा नाल्यापलीकडे पोचला होता. संध्याकाळपर्यंत त्याचा ताप उतरला, हे खरे. तो प्रार्थनेने उतरला, पळून आलेल्या घामाने उतरला, की तसाही उतरणारच होता, हे ठरवायला काही साधन नाही. थावराचे मत मात्र पक्के होते. "सोनाजीभाऊ, ताप परवडला. पर पुन्यांदा तुमी येऊ नका."

अशा उतरल्या तोंडाने सोनाजी नवी गोफण पोचवायला सखुबाईच्या रानात गेला. ही सखुबाई एकटी विधवा. पायात बाभळीचा काटा मोडून पाय सुजलेला, आणि ज्वारी ऐन चिकात आलेली.

"ही गोफण, माय. तुमी सांगितली तशी."

"गोफण घेऊन काय करू रे लेकरा? माळ्यावर चढवत न्हाई. त्या भोरड्या बघ, कणसं पार चिपाडं करून राहिल्या."

भोरड्यांचा गुलाबी-काळा थवा कणसांवर लगडला होता. राखणीची त्या शिवारातली रीत अशी, की जो तो आपल्या रानातली पाखरे हाकलून शेजाऱ्याच्या रानात सोडी, आणि शेजारी ती परत पाठवी. दिवसभर पाखरे आणि शिव्या बांधावरून ये-जा करीत. पाय सुजलेल्या बाईच्या रानातून त्यांना परत पाठवणारेच कोणी नव्हते, म्हणून सारी पाखरे तिथे मुक्कामाला आली होती.

सोनाजी राखणीच्या उंच माळ्यावर चढला आणि त्याने गोफण फिरवली. दोर वळणाऱ्याला नेमही येतोच, असे नाही. धोंडा भोरड्यांना सोडून बांधापलीकडे गेला आणि उकंडराव पाटलांचा पटका उडवून कापसाच्या पऱ्हाटीत पडला.

"कोन हाय रे तो? सोन्या! खाली उतर, तुझं टकुरंच फोडतो!"

घाबरला की सोनाजीला देव आठवे, आणि देव आठवला की गाणे. पाटील काठी घेऊन धावत येताना दिसताच त्याने सारा जीव एकवटून भजन सुरू केले. ज्वारी थरथरली. भोरड्या एका क्षणात चादर झटकावी तशा उठल्या आणि पाटलांच्या रानातल्या ज्वारीवर जाऊन बसल्या.

पाटील अर्ध्या वाटेत थबकले. त्यांनी एकदा पाखरांकडे पाहिले, एकदा सोनाजीकडे.

"आरं, थांबला काहून? गा की! माझ्या रानाकडं तोंड करून गा!"

सोनाजीने तोंड फिरवले. थवा पाटलांच्या रानातून उठून किसनरावांच्या रानात उतरला. किसनराव बोंबलले, "इकडं बी गा!" तिथून तांड्याच्या रानात, तिथून रूपाबाईची हाक, "ए भजनवाल्या!" सोनाजी माळ्यावर गरगर फिरत होता, घसा गरम झाला होता, आणि मग तो मध्येच थांबून म्हणाला, "पाटील, ह्या अशा तर सांजवरी फिरतच राहतील. सगळ्यांनी एकदमच ओरडा की!"

जन्मात कोणाला हे सुचले नव्हते. सोनाजीने सूर दिला, त्याला सूर म्हणायचे असेल तर. पाटलांनी हरिनाम घेतले, तांड्यावरच्या बायांनी आपले गाणे उचलले, थावराने दुरूनच पत्र्याचा डबा बडवला. चहूकडच्या त्या कल्लोळात भोरड्यांना उतरायला जागाच उरली नाही. गरगरत त्या माळरानापलीकडे निघून गेल्या. यात चमत्कार नव्हता. एवढ्या गोंगाटाने कोणतेही पाखरू उडाले असते. पण त्या शिवारात तसा गोंगाट आधी कधी झाला नव्हता, एवढे निश्चित. सखुबाई बांधावर बसून डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसत होती.

त्यानंतर रोज पहाट फुटली की सोनाजी तिच्या माळ्यावर चढे आणि पहिली हाळी देई. मग सारे शिवार ओरडे.

कापणीच्या सणाला त्याची पाळी आली. तो उभा राहिला. "मास्तर, गाण्याचं दान मला न्हाई. मी लई धुंडलं. माझ्यापाशी निस्ता आवाज हाय. ज्याला लागल त्यानं बोलवावं."

दाराशी खाकरण्याचा आवाज झाला. सखुबाई लंगडत आत आली आणि टपोऱ्या कणसांची पेंढी तिने वेदीपुढे ठेवली. "मी तुमच्या देवाची न्हाई. पर त्यानं ह्याला गळा दिला, अन् माझी ज्वारी घरात आली. हे त्याचं त्याला देऊन टाका."

मास्तर सोनाजीकडे वळले. "सोनाजी, शेवटचं भजन तू म्हण." मग मंडळीकडे वळून ते म्हणाले, "दारं-खिडक्या तेवढ्या उघडा."

सोनाजी गायला. या वेळी कोणी गप्प बसले नाही. सगळेच त्याच्याबरोबर ओरडले. पत्र्यावरची कबुतरे उडाली. बाहेर उभ्या उकंडरावांनी दोन्ही हातांनी पटका धरून ठेवला.

पुढे दहा वर्षांनी, १९४८ च्या सुगीतही पहिली हाळी सोनाजीचीच होती. त्या वर्षीच्या सणाच्या संध्याकाळी म्हशीने पुन्हा पान्हा चोरला, आणि पारुबाईने त्याला कोरा चहा दिला.