शेजारची खुर्ची

बसण्यापूर्वी त्या बाई शेजारची खुर्ची पुसत. स्वतःची नव्हे, शेजारची. पदराचे टोक दुमडून आधी पाठ, मग बैठक, शेवटी दोन्ही हात. ते झाले की स्वतःच्या खुर्चीवर तशाच पिठात बसत.

पीठ खालच्या गिरणीचे. पुंडलिकनगरात एका पिठाच्या गिरणीवर लांबट खोली आहे. तिथे शनिवारी आणि रविवारी दुपारी दोन ते पाच टॅटिंगची कार्यशाळा भरते. टॅटिंग म्हणजे बोटभर लांबीच्या, होडीच्या आकाराच्या शटलवर धागा गुंडाळून नुसत्या गाठींनी केलेली लेस. गिरणी सुरू झाली की फरशी थरथरते आणि जिन्याने पीठ वर येते. बाराही खुर्च्यांवर सारखाच थर बसतो.

पहिल्या शनिवारी मी पोहोचलो तेव्हा एकच जागा रिकामी होती.

"या साहेब," त्या म्हणाल्या. "ही पुसलेली हाय."

मी मोजणी खात्यातून निवृत्त झालेला माणूस. नोकरीभर शेतांच्या हद्दी मोजल्या. जे जमिनीवर आहे तेच नकाशावर, एवढेच मला येते. लेसशी माझा संबंध नव्हता. न्हाणीघरात पाय घसरून उजवे मनगट मोडले आणि प्लास्टर निघाल्यावर बोटे ऐकेनाशी झाली. व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला सांगितले होते. माझ्या वयाच्या माणसाने चेंडू दाबत बसावे हे मला पटले नाही. दळण आणायला गेलो असता जिन्याशी कार्यशाळेची पाटी दिसली. नाव घातले.

अर्जावर एक प्रश्न होता : टॅटिंग येते का? होय किंवा नाही. मी 'नाही'वर खूण केली. ते खरे होते.

वर्गाचा नियमही साधा होता. दोन आठवड्यांची तुकडी. ज्यांना जमले त्यांचे पुढचे शिक्षण मोबाईलवर. शिकवणाऱ्या मॅडम चित्रफिती पाठवत आणि माणसे आपापल्या घरी बसून शिकत. ज्यांना जमले नाही त्यांनी पुढच्या तुकडीत पुन्हा यावे. शेजारच्या बाईंची ही चौथी तुकडी होती.

त्या दौलताबादहून येत. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या परिचारिका. वयाने माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असाव्यात. आल्या की सगळ्यांना एकदाच, खणखणीत "जय भीम" घालत. मी नमस्कार म्हणे. दुसऱ्या दिवसापासून मीही जय भीम म्हणू लागलो. समोरच्याने ज्या शब्दांत अभिवादन केले त्याच शब्दांत उत्तर द्यावे.

टॅटिंगमध्ये सगळी मेख एका उडीत असते. डाव्या हाताच्या बोटांवर धाग्याचा वेढा असतो, उजव्या हातात शटल. शटल वेढ्याखालून जाऊन वरून परत येते. या क्षणी गाठ शटलच्या धाग्यावर असते. डावी बोटे सैल सोडून शटल ताठ ओढले की ती उडी मारून वेढ्याच्या धाग्यावर जाते. उडी बसली तर गाठी सरकतात आणि धागा ओढून वेढ्याची रिंग मिटवता येते. न बसली तर सगळे जागच्या जागी अडकते.

शेजारच्या बाईंचे अडकत असे.

"मॅडम, माझं बगा पुन्हा अडकलं."

मॅडम येत. चाळिशीच्या, हसतमुख बाई. मागे उभ्या राहून त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेत आणि त्यांच्याच बोटांनी गाठ घालून दाखवत. त्या मन लावून बघत. पाच मिनिटांत पुन्हा, "मॅडम, माझं बगा."

समोरच्या मुली हसत. "मावशी, तुमच्या धाग्यालाच सांधेवात झालाय."

"धाग्याला नाय गं. शटलला शुगर हाय."

प्रत्येक वर्गात असे एकजण असते, ज्याला काही येत नाही आणि जे न आले तर वर्ग भरल्यासारखा वाटत नाही. आपणही असे माणूस पाहिले असेल. आपण त्याला हसतो. मी हसत नसे, कारण मला हसण्याची सवय नाही. मी बघत असे.

त्यांचा धागा दर वेळी चौथ्या गाठीला अडके. तिसऱ्या नाही, पाचव्या नाही. मोजणीत मी एक गोष्ट शिकलो होतो. खरी चूक जागा बदलते. चूक दर वेळी एकाच जागी सापडली तर माणसाकडे बघावे. ही गोष्ट मी मनात नोंदवली आणि तिथेच ठेवली.

साडेतीनला चहा होई. त्या पिशवीतून सीताफळे काढत आणि मुलींना बजावत, "हात धुऊन बसा गं. धाग्याला लागलं तर मुंग्या शिकतील टॅटिंग." कोणाची जीभ बघत, कोणाचे नख दाबून बघत. माझे मनगट न विचारताच हातात घेतले, अंगठ्याने दोन ठिकाणी दाबले.

"प्लास्टर कुणी घातलं? जरा वाकडं जुळलंय. पण कामाला येईल."

"बरे."

"घरी कोण असतं?"

"मी."

"आमच्याकडंबी मीच असते," त्या म्हणाल्या आणि सीताफळाचा दुसरा अर्धा भाग माझ्यापुढे सरकवला.

दुसऱ्या आठवड्यात साखळी शिकवली. वेगळ्या धाग्यावर गाठींची कमान घालायची आणि एक रिंग दुसरीला जोडायची. रविवारी, शेवटच्या दिवशी, प्रत्येकाने सहा रिंगांचे फूल पुरे करायचे होते. रिंगेत चार-चार गाठींमध्ये धागा सैल सोडून इवला कान उभा करतात. त्याला पिको म्हणतात. रिंगेला तीन पिको. त्यांतल्याच एकात पुढची रिंग अडकवायची. माझ्या बोटांना पाच रिंगांना तीन दिवस लागले होते. सहावी मिटवली आणि पाहिले तर तिला दोनच कान होते. तिसरा घालायचे राहिले.

"मिटलेली रिंग उघडत नाही, काका," मॅडम म्हणाल्या. "कापा आणि नवी घ्या." त्यांचा फोन वाजला. त्या जिन्यात गेल्या.

मी कात्री उचलली. नवी रिंग पाचपर्यंत होणार नव्हती, हे मला कळत होते.

"द्या इकडं," शेजारून आवाज आला.

त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. ब्लाउजची टाचणी काढली. दुसरा पिको दोन नखांत धरून आडवा ताणला, गाठी थोड्या विलग झाल्या आणि मधल्या धाग्याचा एक केसाएवढा पांढरा भाग दिसला. टाचणीने तो उचलला. एकदा, दोनदा, तीनदा. रिंग उघडली. इतक्या वेळात मी नकाशाची घडीही उघडली नसती.

"मागच्या चार गाठी सोडवा, कान ठेवा, पुन्हा घाला."

"तुम्हाला येते," मी म्हणालो.

"चाळीस वर्षांखाली होस्टेलला मेट्रनबाईंनी शिकवलं. ड्यूटीवर झोप लागू नये म्हणून." मग आवाज खाली आणला. "साहेब, बोलू नका कुणाला."

मी कारण विचारले नाही. त्यांनी सांगितले नाही. जिन्यात पावले वाजली. त्यांनी आपले शटल उचलले, तीन गाठी घातल्या आणि चौथी अडकवली.

"मॅडम, माझं बगा पुन्हा अडकलं."

मॅडम आल्या. मागे उभ्या राहिल्या. त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घेतले.

दोन्ही टोके माझ्यासमोर होती. मी ती जोडली नाहीत. मला वाटले, संकोच आहे. एवढी विद्या हातात असलेल्या बाईने नवशिक्यांत बसावे आणि मुलींनी हसावे, हे मला अन्याय्य वाटले. जे आहे ते नोंदले जावे, हा माझा आयुष्यभराचा नियम. मी होकार दिला नव्हता, असेही मी स्वतःला सांगितले. मधल्या आठवड्यात गिरणीवर गेलो असता मॅडम भेटल्या. मी त्यांना सर्व सांगितले. चांगले केले असे वाटून घरी आलो.

पुढच्या तुकडीत मी पुन्हा नाव घातले, कारण साखळी अजून नीट बसत नव्हती. अर्जातल्या प्रश्नाला 'होय' लागू पडेना आणि 'नाही'ही. समासात लिहिले : रिंग येते, साखळी येत नाही.

शनिवारी त्या आल्या, जय भीम घातला आणि माझ्या शेजारची खुर्ची ओढली. मॅडमनी त्यांना दंडाला धरून पुढे नेले. तिथे सगळ्यांकडे तोंड करून एकच खुर्ची मांडलेली होती.

"मावशी, चोर निघालात की तुम्ही! चार तुकड्या आम्हाला बनवलंत. काकांनी सगळं सांगितलं."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे.

"साहेब, माझी मोजणी केली का?"

"खरे होते ते सांगितले."

"व्हय. खरंच हाय ते."

त्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची नव्हती. त्यांनी पदराचे टोक दुमडले, क्षणभर इकडेतिकडे पाहिले, आणि स्वतःचीच खुर्ची पुसली.

त्या दिवशी त्यांनी जे केले ते मी पुन्हा पाहिलेले नाही. गाठी मोजाव्या लागत नव्हत्या. बोलत असताना, दुसरीकडे बघत असताना, हातातून लेस उतरत होती. मुली पुढे वाकून बघत होत्या. त्यांचे हात कोणी हातात घेतले नाहीत. घेण्याचे कारण उरले नव्हते.

मॅडम मोबाईलने चित्रण करत होत्या. त्या मनापासून खूश होत्या, हे सांगितले पाहिजे.

"मावशी, आता एवढ्या लांबून येण्याचा त्रास नको. दोन-दोन गाड्या बदलायच्या या वयात! तुम्ही घरी बसूनच शिकवा. नुसते हात दाखवायचे, चित्रफीत ग्रुपवर टाकायची."

"मोबाईल कोण धरंल?"

"स्टँड देते ना मी. कुणी लागतच नाही."

त्यांनी स्टँड घेतला. उलटासुलटा करून बघितला. पिशवीत ठेवला.

पाच वाजता जिना उतरताना मी मागे होतो. काहीतरी बोलणे आवश्यक होते. खाली गिरणीसमोर त्या थांबल्या आणि माझे मनगट एकदा दाबून पाहिले.

"जुळलं हे आता. साखळीबी जमंल तुम्हाला एक दिवस." रिक्षाला हात केला. बसता बसता म्हणाल्या, "जमली तर सांगू नका कुणाला."

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यातही नाहीत.

चित्रफीत मात्र आली. मॅडमनी शनिवारी काढलेली. मला मोबाईलवरचे फारसे कळत नाही, पण ती मी पाहिली. चेहरा नाही, फक्त हात. त्यांचा आवाज काढून टाकून वर सतारीचे संगीत घातलेले. सहा रिंगांचे फूल पुरे होते, हात ते टेबलावर ठेवतात. चित्रण थांबले असे त्यांना वाटले असावे. पदराचे टोक आत येते आणि टेबलाची पलीकडची, रिकामी कड पुसू लागते. तिथे चित्रफीत संपते. त्यांनी स्वतः काढलेली एकही आली नाही. महिनाभरात त्यांनी ग्रुप सोडल्याची एक ओळ आली. मॅडम म्हणाल्या, फोनही उचलत नाहीत.

एका सकाळी मी खुलताबादच्या एस.टी.ने दौलताबादला गेलो. किल्ल्याच्या पायथ्याचे ते शिवार मी नोकरीत दोनदा मोजले आहे. तिथले गट क्रमांक मला आजही पाठ आहेत. त्यांचे घर कोणत्या गल्लीत, हे मी कधी विचारले नव्हते. सीताफळवाल्याला विचारता आले असते. लहान गाव आहे. निवृत्त सिस्टर म्हटल्यावर कोणीही दाखवले असते. दार उघडल्यावर काय बोलायचे, हे ठरेना. परतीच्या दोन गाड्या गेल्या. तिसरीने मी घरी आलो.

साखळी मला त्याच सुमारास जमली. घरी, टेबलापाशी, एका दुपारी. गाठी सरकल्या, कमान बसली, फूल पुरे झाले. मी ते हातात घेऊन खोलीत पाहिले. दाखवायला कोणी नव्हते. ते ड्रॉवरमध्ये ठेवले.

त्यानंतरच्या शनिवारी नवी तुकडी होती. मी अर्ज घेतला. टॅटिंग येते का? मी 'नाही'वर खूण केली. सरकारी वा खासगी, कोणत्याही कागदावर मी खोटे लिहिल्याची ही पहिली वेळ.

"काका, पुन्हा?" मॅडम म्हणाल्या.

"माझे अजून अडकते."

नव्या तुकडीत नऊच जण होते. मी कडेला बसलो. बसण्यापूर्वी रुमाल काढून शेजारची खुर्ची पुसली. आधी पाठ, मग बैठक, शेवटी दोन्ही हात.

खाली गिरणी चालू होती. पाच वाजेपर्यंत त्या खुर्चीवर पुन्हा पीठ बसले होते.